जुन्या हत्यारावरचा छाप कसा वाचायचा

सुताराच्या पेटीतून निघालेली पटाशी, पुण्याच्या जुन्या बाजारात घेतलेला रंधा, बंद पडलेल्या गॅरेजमधला पाना... अशा हत्यारांवर बहुतेक वेळा काही ना काही उमटवलेलं असतं. कुठे नाव, कुठे गाव, कुठे एखादं चित्र, कुठे नुसता आकडा. ते वाचता आलं तर हत्यार कोणी, कुठे आणि साधारण केव्हा बनवलं हे घरबसल्या ठरवता येतं. सामान फार लागत नाही. भिंग, मोबाइलचा टॉर्च, पातळ कागद आणि मऊ शिशाची पेन्सिल पुरते.

नवीन माणूस मात्र एका ठिकाणी हमखास फसतो. पहिलं जे नाव दिसतं तेच त्याला कारखानदाराचं वाटतं. प्रत्यक्षात एकाच हत्यारावर चौघांच्या खुणा असू शकतात: ज्याने बनवलं त्याची, ज्याने विकलं त्याची, ज्याने वापरलं त्याची आणि ज्या खात्याच्या मालकीचं ते होतं त्या खात्याची. त्यात पोलादाची जाहिरात करणारे शब्द वेगळेच. म्हणून 'काय लिहिलंय' हे विचारण्याआधी 'हे कोणी उमटवलं असेल' हे विचारायचं. ही सवय लागली की निम्मं काम झालं.

खालची उदाहरणं बरीचशी इंग्लंड-अमेरिकेतली आहेत, कारण आपल्याकडे शंभरेक वर्षांपूर्वीचं छाप असलेलं जे हत्यार सापडतं त्यातलं पुष्कळसं शेफील्ड किंवा बर्मिंगहॅमचं असतं. गावच्या लोहाराने घडवलेल्या वाकसावर किंवा कुऱ्हाडीवर सहसा नाव नसतं; ती ओळखायची ती घडणीवरून, आणि तो विषय निराळा.

पहिली पायरी: घासायचं नाही

गंजलेलं लोखंड हातात आलं की तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर उचलायचा मोह होतो. तो आवरा. छापाची खोली मुळातच थोडी असते आणि गंजाने त्याच्या कडा आधीच खाल्लेल्या असतात. ग्राइंडर एकदा फिरला की नाव कायमचं गेलं.

आधी जसं आहे तसं चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. मग रॉकेलमध्ये बुडवलेला जुना टूथब्रश हलक्या हाताने फिरवा, रात्रभर तसंच राहू द्या आणि सकाळी सुती फडक्याने पुसा. एवढ्याने मेण झालेलं तेल, धूळ आणि वरचा सैल गंज निघतो, छापाला धक्का लागत नाही.

करवतीला आणखी जपायला हवं. तिच्या पात्यावरचं नाव बहुधा ठोकलेलं नसतं, आम्लाने कोरलेलं असतं. अशा नावाला खोली जवळजवळ नसतेच. पातं काळंकुट्ट असेल तर बारीक, म्हणजे ४०० नंबरचा वॉटर पेपर लाकडाच्या सपाट ठोकळ्याला गुंडाळायचा, थोडं रॉकेल घ्यायचं आणि पात्याच्या मधल्या भागावर एकाच दिशेने अगदी हलका फिरवायचा. ठोकळ्यामुळे कागद फक्त वरच्या पातळीला लागतो आणि कोरलेली अक्षरं काळी राहून उठून दिसायला लागतात. पहिली रेघ दिसली की थांबा. बोटाने दाबून घासलं तर कागद खोलगट भागातही शिरतो आणि अक्षरं पुसतो.

करवतीच्या मुठीतल्या पितळी चकतीला चिंच किंवा पितांबरी लावू नका. भांडं लखलखीत होतं त्याच कारणाने चकतीवरची बारीक अक्षरं गुळगुळीत होतात. लाकडी रंध्याच्या ठोकळ्याला पॉलिश पेपर तर मुळीच नको.

कुठे पाहायचं

पटाशीचा छाप पात्याच्या पुढच्या तोंडावर, मुठीपासून दोन-तीन बोटं खाली असतो. मुठीवर कोरलेलं नाव वेगळं मोजायचं, मूठ बदललेली असू शकते. कानशीचा छाप दाते संपतात तिथे, मुठीत शिरणाऱ्या निमुळत्या टोकाच्या अलीकडे. हातोडीचा दोन तोंडांच्या मधल्या गालावर. पक्कड आणि पाना यांच्यावर दांड्याच्या दोन्ही बाजू पाहा, कारण एका बाजूला नाव आणि दुसऱ्या बाजूला माप अशी विभागणी असते. पकडीच्या खिळ्याभोवतीची जागा तेलकट मळाने भरलेली असते, तिथेही खूण सापडते. गुण्याचं नाव पोलादी पट्टीवर, नाहीतर लाकडावरच्या पितळी पट्टीवर. लाकडी मोजपट्टीची घडी उघडून आतली बाजू पाहा. गवंड्याच्या थापीचा छाप पात्यावर, दांडा जिथून निघतो त्याच्या जवळ.

करवतीच्या मुठीत तीन-चार पितळी स्क्रू असतात, त्यांतला एक मोठा आणि त्यावर गरुड किंवा नाव असलेली चकती. ती पाहून लोक खूश होतात. पण चकतीवर नुसतं 'वॉरंटेड सुपीरिअर' असेल तर ते कोणाचंही नाव नाही. अनेक कारखाने तीच तयार चकती वापरत. चकतीवर डिस्टन आणि फिलाडेल्फिया असेल तर गोष्ट निराळी. हेन्री डिस्टनने १८४० मध्ये फिलाडेल्फियात करवतींचा धंदा सुरू केला आणि पुढे त्याचं नाव जगभर गेलं. १९५५ मध्ये ती कंपनी एच. के. पोर्टर यांनी घेतली, म्हणून पोर्टर हे नाव दिसलं तर करवत त्यानंतरची.

रंध्यावर दोन जागा पाहायच्या. लाकडी रंधा असेल तर ठोकळ्याचं पुढचं उभं तोंड. बनवणाऱ्याचा छाप तिथेच, वरच्या भागात मधोमध असतो. शिवाय पातं बाहेर काढून त्याचा वरचा भाग पाहायचा. पाचर घट्ट बसली असेल तर ठोकळ्याच्या मागच्या तोंडावर लाकडी हातोडीने हलकं ठोका, पाचर सैल होते. लोखंडी हातोडी वापरू नका.

पुसट अक्षरं वर आणणं

सगळ्यात उपयोगी पडतो तो तिरका उजेड. खोलीत अंधार करा, हत्यार टेबलावर ठेवा आणि टॉर्च जवळजवळ टेबलाला टेकवून बाजूने उजेड पाडा. टॉर्च हत्याराभोवती हळूहळू फिरवत राहा. एका कोनात पहिलं अक्षर दिसतं, दुसऱ्या कोनात शेवटचं. प्रत्येक कोनाचा वेगळा फोटो घ्या आणि नंतर शेजारी शेजारी ठेवून वाचा. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत काहीही दिसत नाही.

तेवढ्याने भागलं नाही तर छापावर टाल्कम पावडर चोळून वरची पुसून टाका. खोलात राहिलेली पांढरी पावडर अक्षरं दाखवते. लाकडावर मात्र पावडर नको, ती रेषांमध्ये अडकून बसते. तिथे पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी धरून घासायची. कागदावर उमटलेला ठसा कित्येकदा डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा जास्त सांगतो.

वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. जुन्या इंग्रजी छापांत 'जे' या अक्षराच्या जागी 'आय' ठोकलेला असे, म्हणून नावाआधीचा 'आय' हा जॉनचा किंवा जोसेफचा असू शकतो. दुसरं असं की छाप तिरका बसला असेल तर नावाचा एक कडेचा भाग उमटलेलाच नसतो. 'फील्ड' एवढंच दिसतंय म्हणून उरलेलं झिजलं असं समजू नका, ते कदाचित कधी उमटलंच नसेल.

हे कोणी उमटवलं?

आता खरी पायरी. वाचलेला प्रत्येक शब्द कागदावर लिहा आणि त्याच्यापुढे तो कोणाचा हे लिहीत जा.

आधी पोलादाचे आणि कृतीचे शब्द बाजूला काढा. 'कास्ट स्टील' हा त्यातला सर्वांत फसवा. हे नाव दिसलं की लोक 'कास्ट' नावाची कंपनी शोधतात, नाहीतर हत्यार ओतीव लोखंडाचं आहे असं समजतात. दोन्ही चूक. १७४० च्या दशकात शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समनने मातीच्या बंद मुशीत पोलाद वितळवून एकजिनसी करण्याची पद्धत बसवली. त्या मुशीतल्या पोलादाला कास्ट स्टील म्हणत आणि धारेच्या हत्याराला ते उत्तम मानलं जाई, म्हणून शेफील्डचे कारखानदार ते अभिमानाने छापत. तसंच 'वॉरंटेड' म्हणजे हमी, 'ड्रॉप फोर्ज्ड' म्हणजे साच्यात घणाखाली घडवलेलं, 'क्रोम व्हॅनेडियम' म्हणजे मिश्रधातू. हा शेवटचा शब्द असेल तर हत्यार विसाव्या शतकातलं.

मग मापं. पान्यावर '१/२ डब्ल्यू' असेल आणि जबडा मोजून पाहिला तर तो अर्ध्या इंचापेक्षा बराच मोठा भरतो, जवळपास ०.९२ इंच, म्हणजे २३ मिलिमीटरहून थोडा जास्त. पाना चुकीचा नाही. 'डब्ल्यू' म्हणजे व्हिटवर्थ, आणि या जुन्या इंग्रजी पद्धतीत आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, जबड्याचा नव्हे. 'ए एफ' लिहिलेलं असेल तर मात्र आकडा जबड्याचाच. जुन्या इंग्रजी मोटारी आणि यंत्रांमुळे व्हिटवर्थचे पाने आपल्याकडे अजून पुष्कळ फिरतात.

आता मालकाचं नाव. इंग्लंडमध्ये सुतार स्वतःची हत्यारं स्वतः विकत घेई आणि त्यावर स्वतःचं नाव ठोकी. तो गेला की पेटी दुसऱ्याकडे जाई आणि दुसरं नाव पडे. लाकडी रंध्याच्या तोंडावर तीन-तीन नावं सापडतात ती यामुळे. यातलं बनवणाऱ्याचं कोणतं? तो छाप मधोमध, सरळ, एकदाच आणि नीट ठोकलेला असतो, आणि त्याच्याबरोबर बहुधा गावाचं नाव असतं: 'ग्रिफिथ्स, नॉरिच' किंवा 'व्हार्विल, यॉर्क' असं. मालकाचा छाप जागा मिळेल तिथे, कधी बाजूवर, कधी उलटा, कधी बनवणाऱ्याच्या नावावरच आणि बऱ्याचदा तीन-चार वेळा असतो. नावाबरोबर गाव नाही आणि तेच नाव हत्यारावर तीन ठिकाणी आहे, तर ते मालकाचं समजून चालावं. आपल्याकडच्या मालकांच्या खुणा अशा तयार ठशाच्या नसतात. पितळी भांड्यावर नाव घालतात तशी ठिपक्या-ठिपक्यांनी काढलेली आद्याक्षरं, कानशीने पाडलेल्या दोन-तीन खाचा, मुठीवर तापल्या सळईने दिलेला डाग, असं सापडतं. ते हत्याराच्या किमतीत भर घालत नसेल, पण कोणत्या हातांनी ते वापरलं याचा तेवढाच पुरावा उरलेला असतो. मी तरी तो कधी घासून काढू देणार नाही.

रंध्याचं पातं आणि ठोकळा यांवर वेगळी नावं असली तर गोंधळू नका. लाकडी रंधे बनवणारे पातं स्वतः क्वचितच घडवत, ते शेफील्डहून मागवत. म्हणून नॉरिचचा ठोकळा आणि शेफील्डचं पातं ही मुळातलीच जोडी असू शकते. आपल्याकडे सुतार शिसवी किंवा बाभळीचा ठोकळा स्वतः करून त्यात विलायती पातं बसवत. अशा रंध्याला 'शेफील्डचा रंधा' म्हणणं बरोबर नाही. पातं शेफील्डचं, रंधा इथला.

विकणाऱ्याचं नाव ओळखायला सर्वांत कठीण. मोठे दुकानदार कारखान्याकडून स्वतःच्या नावाने माल करून घेत. नावाखाली मुंबई, कलकत्ता, सिंगापूर असं बंदराचं गाव असेल आणि शेजारी 'शेफील्ड मेक' किंवा 'मेड इन इंग्लंड' असेल, तर नाव दुकानदाराचं धरा.

सरकारी आणि रेल्वेच्या खुणा

मुंबई, पुणे, भुसावळ या पट्ट्यात 'जी. आय. पी.' किंवा 'बी. बी. अँड सी. आय.' अशी आद्याक्षरं ठोकलेले हातोडे, पाने आणि छिन्न्या सापडतात. ग्रेट इंडियन पेनिन्सुला आणि बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया या रेल्वे कंपन्यांच्या मालकीच्या या खुणा आहेत, बनवणाऱ्याच्या नाहीत. त्यांचा उपयोग साल ठरवायला होतो. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे अस्तित्वात आल्या आणि ही जुनी नावं संपली, म्हणजे शिक्का त्याआधीचा. हत्यार त्याहूनही जुनं असू शकतं. बनवणाऱ्याचं नाव त्याच हत्याराच्या दुसऱ्या गालावर शोधा.

वर टोक केलेला तीन रेघांचा बाण दिसला तर ती ब्रिटिश सरकारी मालाची खूण. बाणाबरोबर 'आय' हे अक्षर असेल तर माल हिंदुस्थान सरकारच्या खात्याचा. याच्या शेजारी पुष्कळदा वर्षही असतं, १९४१ किंवा १९४३ असं, आणि ते सरळ विश्वासाने घ्यायला हरकत नाही.

चित्र असेल तर आधी चित्र

शेफील्डच्या कारागिरांच्या खुणा नोंदवणारी कटलर्स कंपनी १६२४ साली स्थापन झाली. खूण म्हणजे बहुधा चित्र, कारण अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाइकालाही ते ओळखता येई. जोसेफ रॉजर्स यांच्या चाकूंवरचा तारा आणि क्रॉस १६८२ साली नोंदवलेला आहे. हत्यारांतही तेच. सॉर्बी या आडनावाचे शेफील्डमध्ये एकापेक्षा जास्त कारखानदार होते, आणि नाव अर्धवट दिसत असेल तर गोंधळ ठरलेला. पण कांगारू दिसला की रॉबर्ट सॉर्बी आणि पंच नावाचा विदूषक दिसला की आय. सॉर्बी. तिपानी शॅमरॉक असेल तर विल्यम मार्पल्स, ज्यांच्या कारखान्याचं नावच हायबर्निया, म्हणजे आयर्लंड, वर्क्स होतं; शॅमरॉक हे आयर्लंडचं चिन्ह. बुलडॉग असेल तर बर्मिंगहॅमचे किंग डिक पाने. शार्क मासा आणि एस्किल्स्टूना हे गाव असेल तर स्वीडनचा ई. ए. बर्ग, ज्याच्या पटाश्यांची धार खरोखर नावाजण्यासारखी असते. म्हणून अक्षरं वाचता येत नसली तरी चित्राची आकृती नीट काढून घ्या.

साल कसं ठरवायचं

देशाचं नाव ही पहिली खूण. ब्रिटनमध्ये १८८७ चा आणि हिंदुस्थानात १८८९ चा मालावरच्या खुणांचा कायदा आला, अमेरिकेनेही १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. त्यामुळे नुसतं 'शेफील्ड' असेल तर हत्यार कितीही जुनं असू शकतं, पण 'इंग्लंड' असेल तर साधारण १८९० नंतरचं धरावं. 'वेस्ट जर्मनी' म्हणजे १९४९ ते १९९०. 'ऑक्युपाइड जपान' म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरची, १९५२ पर्यंतची वर्षं. जर्मन हत्यारावर 'डी. आर. पी.' असेल तर ते पेटंट १८७७ ते १९४५ या काळातलं, आणि 'डी. आर. जी. एम.' ही पेटंटहून हलकी, छोट्या सुधारणांची नोंद १८९१ पासून सुरू झाली.

इंग्रजी मालावर 'आर. डी. नंबर' असा आकडा असतो. ती डिझाइनची नोंद, १८८४ पासून एकापासून मोजत गेलेली. त्याआधी, १८४२ ते १८८३ या काळात, आकड्याऐवजी पतंगाच्या आकाराची चौकट असे. ब्रिटिश पेटंटचा आकडा सहा अंकी असेल तर ते १९१६ नंतरचं, कारण त्या वर्षी मोजणी १००००१ पासून सुरू केली. त्याआधी दर वर्षी आकडे पुन्हा एकापासून सुरू होत, म्हणून सोबत वर्ष नसेल तर जुना आकडा काही सांगत नाही.

आपल्या मालावर आयएसआयचा शिक्का असेल तर तो स्वातंत्र्यानंतरचा, कारण भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली आणि प्रमाणन चिन्हांचा कायदा १९५२ चा. नाशिकच्या टपारियाच्या पकडी आणि पाने आज जुन्या बाजारात ढिगाने दिसतात. गेडोर हे नाव मुळात जर्मनीतल्या रेमशाईड गावचं, पण त्याखाली 'इंडिया' असेल तर हत्यार भारतात बनलेलं.

एक उदाहरण: स्टॅन्लेचा चार नंबरचा लोखंडी रंधा

जगात सर्वांत जास्त अभ्यासलेलं हत्यार बहुधा हेच, म्हणून शिकायलाही उत्तम. पातं आणि त्याखालची तिरकी बैठक काढा, आणि बैठकीच्या मागे लोखंडी तळाशी ओतलेली अक्षरं पाहा. तिथे पेटंटच्या तारखा असतात. मार्च १९०२, ऑगस्ट १९०२ आणि एप्रिल १९१० अशा तिन्ही तारखा असतील तर तळ १९१० ते १९१८ या काळातला. ऑगस्ट १९०२ आणि एप्रिल १९१० या दोनच असतील तर १९१९ ते १९२४. फक्त एप्रिल १९१० उरली असेल तर १९२५ ते १९२८.

आता पातं पाहा. त्यावर हृदयाची आकृती आणि तिच्यात 'एस डब्ल्यू' असेल तर ते साधारण १९२० ते १९३५ मधलं. स्टॅन्ले वर्क्स आणि स्टॅन्ले रूल अँड लेव्हल या कंपन्या १९२० मध्ये एकत्र आल्या त्यानंतरची ही खूण. मग पात्यावर दाब देणारी वरची पट्टी. तिचं भोक किडनीच्या आकाराचं असेल तर ती १९३३ नंतरची. त्याआधीचं भोक किल्लीच्या भोकासारखं, वर गोल आणि खाली सरळ.

समजा तळ तीन तारखांचा, पात्यावर हृदय आणि पट्टीला किडनी भोक आहे. तिन्ही काळ जुळत नाहीत, म्हणजे रंधा तीन रंध्यांचे भाग घालून जोडलेला आहे. कामाला तो तितकाच चांगला असू शकतो, पण संग्राहकाचा भाव देऊ नका. हे कोष्टक फक्त अमेरिकेत बनलेल्या स्टॅन्लेला लागू पडतं. तळावर 'मेड इन इंग्लंड' असेल तर ते विसरा. स्टॅन्लेचं शेफील्डमधलं उत्पादन १९३० च्या दशकातलं आणि पुढचं. तसाच दिसणारा रंधा 'रेकॉर्ड' नावाचा असेल तर तोही शेफील्डचा, सी. अँड जे. हॅम्प्टन यांचा. त्यांनी लोखंडी रंधे १९३१ मध्ये बाजारात आणले, त्यामुळे कोणी रेकॉर्डचा रंधा १९०० सालचा म्हणून विकत असेल तर पुढे चला.

नोंद ठेवताना

प्रत्येक हत्यारासाठी एक पान करा. वर हत्याराचं नाव आणि कुठून मिळालं ते, खाली वाचलेली अक्षरं जशीच्या तशी, न दिसणाऱ्या अक्षराच्या जागी टिंब. अंदाज त्याच ओळीत मिसळू नका, खाली वेगळा लिहा. एकदा अंदाज वाचनात शिरला की पुन्हा पाहताना डोळ्यांना तेच दिसायला लागतं. पेन्सिलीने घासलेला कागद त्याच पानाला चिकटवा. शोध घेताना पूर्ण नाव मिळत नसेल तर गाव आणि चित्र यांच्यावरून शोधा. नावं सारखी असतात, गाव आणि चित्र यांची जोडी सहसा एकाच कारखान्याची निघते.

मोडकी मूठ बदलायची असेल तर जुनी फेकू नका, तिच्या बुंध्यावर मालकाची खूण असते. वाचन संपल्यावर छापाच्या जागी शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या. खोबरेल किंवा गोडं तेल नको, ते चिकट होऊन अक्षरांत मळ धरतं. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, हा तेलाचा हात महिन्यातून एकदा तरी द्यावा लागतो.